लिनक्स टाकलं आणि दहा दिवसांत रडकुंडीला आले, सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं का?

प्रश्न असा आलाय, आधी थोडक्यात सांगतो. बीएस्सी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी आहे, जुळे सोलापुरात राहते, पप्पांचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं छोटं युनिट आहे. घरात २०१६ चा लॅपटॉप, त्याच्यावर विंडोज १०, आणि अकरा काही त्याच्यावर चढत नाही, म्हणून तिनं विंडोजच्या शेजारीच लिनक्स मिंट टाकलं, म्हणजे विंडोजसारखंच मशीन चालवणाऱ्या फुकटच्या लिनक्सची एक आवृत्ती. आता वायफाय दिसत नाही, ते चालू करायला जे लागतं ते डाऊनलोड करायला परत वायफायच मागतोय, डी ड्राईव्ह उघडतो पण त्यात काही सेव्ह होत नाही, परत विंडोजमधे गेलं की घड्याळ साडेपाच तास मागं गेलेलं असतं, पप्पांची जुनी मराठी पत्रं उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा, आणि पप्पांचं हिशोबाचं टॅली कुठं टाकायचं तेच कळेना. शेवटी लिहिते, "काका, सगळे म्हणतात लिनक्स आता सोपं झालंय, मग मलाच का जमेना? तुम्हाला पण सुरुवातीला असा त्रास झाला होता का? का मी सरळ परत विंडोजवर जाऊ?"

झाला होता बाळा, लै झाला होता. मी २००१ पासून लिनक्स वापरतोय, आणि गेली वीसेक वर्षं सोलापुरात दुकानं, दवाखाने, युनिफॉर्म शिवणारे गारमेंटवाले, सूतवाले यांच्याकडं मशीन बसवणं, नेटवर्क टाकणं, सर्व्हर बघणं हेच काम करतोय. तुझी यादी मी दोनदा वाचली आणि मला त्यात "तुला जमत नाही" असं एकसुद्धा दिसलं नाही. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे की लिनक्समधला त्रास दोन जातीचा असतो. एक शिकलं की जातो, आणि दुसरा कितीही शिकलं तरी जात नाही कारण तो आपल्या डोक्यात नसतो, तो दुसऱ्या कुणीतरी कुलूप लावून ठेवलेल्या वस्तूत असतो. नवीन माणसाच्या अंगावर पहिल्याच आठवड्यात हे दोन्ही एकदम येतात आणि त्याला दोन्ही एकसारखेच वाटतात, मग तो म्हणतो मी ढ आहे. मी पण तेच म्हणत होतो, आणि त्यात माझं एक अख्खं वर्ष गेलं.

माझी पहिली मशीन नवी पेठेतून असेंबल करून घेतलेली. ६४ एमबी रॅम, १० जीबीची हार्ड डिस्क, १४ इंची डबड्याचा मॉनिटर. मी डिप्लोमाला होतो. त्या वेळी कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर लिनक्सच्या सीड्या यायच्या, एक अंक मित्रानं पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसनं येताना आणला. इन्स्टॉल तर झालं, पण ग्राफिकल स्क्रीन येईना, मॉनिटरवर "आऊट ऑफ रेंज" एवढंच. तेव्हा लिनक्सला मॉनिटरची फ्रिक्वेन्सी सांगावी लागायची, हॉरिझॉन्टल किती किलोहर्ट्झ, व्हर्टिकल किती हर्ट्झ, आणि माहिती पुस्तिकेत इशारा असायचा की चुकीचा आकडा टाकला तर मॉनिटर खराब होऊ शकतो. घरात वडिलांनी कर्ज काढून आणलेली वस्तू, हात थरथरायचे माझे तो आकडा टाईप करताना. मॉनिटरच्या खोक्यात एक पत्रक होतं, ते सहा दिवसांनी माळ्यावर सापडलं, त्यात आकडे छापलेले होते, ते टाकले आणि स्क्रीन आली. हा पहिल्या जातीचा त्रास. एकदा कळलं की आयुष्यभर कळलं, आणि आता तर मॉनिटर स्वतःच कॉम्प्युटरला आपली माहिती वायरमधून सांगतो त्यामुळं तुला हे करावंच लागलं नाही.

दुसऱ्या जातीचा त्रास म्हणजे मोडेम. हे जरा नीट सांगतो कारण तुझं वायफाय आणि माझा मोडेम ही एकच गोष्ट आहे, मधे फक्त वर्षं गेली.

तेव्हा इंटरनेट म्हणजे घरच्या फोनच्या वायरीवरून, ५६ केचा मोडेम. माझ्या मशीनमधे आतच बसवायचं कार्ड होतं, बाहेरच्यापेक्षा बरंच स्वस्त. आता ते स्वस्त का होतं हे मला लै उशिरा कळलं. खऱ्या मोडेममधे आवाजाचे सिग्नल आणि डेटा यांची उलटसुलट करायला स्वतःची चिप असते. या स्वस्त कार्डात ती चिपच काढून टाकलेली, ते सगळं काम कॉम्प्युटरच्या प्रोसेसरनं करायचं, आणि ते कसं करायचं हे लिहिलेला प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर, तो कंपनीनं फक्त विंडोजसाठी दिलेला. म्हणूनच त्याला विनमोडेम म्हणायचे. लिनक्सच्या दृष्टीनं ते कार्ड म्हणजे फोनची वायर लावायची नुसती एक खाच.

मला हे काही माहीत नव्हतं, मला वाटायचं माझी कुठलीतरी कमांड चुकतेय. पार्क चौकाजवळ एका सायबर कॅफेत जायचो, तिथं तासाचे पैसे मोजून शोधायचो, कागदावर कमांडी लिहून आणायचो, घरी येऊन टाईप करायच्या, एरर यायचा, तो एरर परत कागदावर उतरवायचा, परत कॅफे. कुणीतरी त्या कार्डासाठी खटपट करून लिनक्सचा ड्रायव्हर बनवलेला सापडला, तो फ्लॉपीवर आणला, १.४४ एमबीची फ्लॉपी, घरी येईपर्यंत तिच्यात बॅड सेक्टर. मग दोन फ्लॉप्यांवर तीच फाईल आणायला लागलो. ड्रायव्हर घरी आला तर तो सोर्स कोडमधे, म्हणजे माणसानं लिहिलेल्या रूपात, तो आपल्या मशीनवर कंपाईल करायचा, मशीनला कळेल असा करायचा, आणि कंपाईल करायला कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, हेडर फाईली लागतात त्या माझ्याकडं नाहीत. त्या दुसऱ्या सीडीवर निघाल्या. टाकल्या. मग म्हणतो व्हर्जन जुळत नाही, कारण मी मधल्या काळात दुसऱ्या एका अंकाच्या सीडीवरून नवीन कर्नल टाकून बसलेलो. इंटरनेट चालू करायला जे लागतं ते इंटरनेटवरच आहे. तू आज म्हणतेस ना की वायफायचा ड्रायव्हर डाऊनलोड करायला वायफाय मागतोय, तेच हे.

शेवट कसा झाला बघ. ड्रायव्हर एकदाचा चढला पण लाईन दर पाच-सात मिनिटांनी तुटायची. कंटाळून पुण्यातल्या त्याच मित्राकरवी एक जुना बाहेरचा मोडेम मागवला, सिरीयल पोर्टला लावायचा, विटेएवढा. लावला, डायलरला फक्त पोर्ट सांगितला, आणि पहिल्या झटक्यात चालू. ड्रायव्हर वगैरे काही नाही. मी हादरलो की हे असं कसं! याचं कारण असं की बाहेरच्या मोडेमशी कॉम्प्युटर ज्या भाषेत बोलतो त्या एटी कमांड, त्या १९८१ साली हेज कंपनीच्या स्मार्टमोडेमबरोबर आल्या आणि पुढं सगळ्यांनीच घेतल्या, त्या उघड आहेत, कुणालाही माहीत आहेत. एटीडीटी आणि पुढं नंबर पाठवला की मोडेम डायल करतो, पाठवणारा विंडोज असो, लिनक्स असो नाहीतर अजून कुणी. ज्या वस्तूची भाषा उघड ती लिनक्सवर निमूट चालते. जिची भाषा कंपनीनं लपवून ठेवली तिच्यासाठी जगात कुणीतरी फुकट रात्री जागवून ती भाषा शोधून काढतं, आणि मग ती बऱ्यापैकी चालते किंवा नाही चालत. त्या दिवसापासून मी एखादी वस्तू चालेना म्हटलं की स्वतःला शिव्या घालणं बंद केलं आणि आधी ती वस्तू कुठल्या जातीची आहे ते बघायला लागलो. हेच मला कुणीतरी पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं, म्हणून तुला सांगतोय.

गाण्यांचं पण असंच. तेव्हा बऱ्याच लिनक्समधे एमपीथ्री वाजायचं नाही, मी साऊंड कार्डाच्या मागं लागलेलो, आणि कारण होतं पेटंट. लिनक्स बनवणाऱ्या रेड हॅट कंपनीनं तर २००२ मधे आठव्या व्हर्जनपासून त्याच कारणानं एमपीथ्री काढूनच टाकलं होतं. २०१७ मधे ती पेटंटं संपली आणि प्रश्नच उरला नाही. तुझ्या मिंटमधे गाणी निमूट वाजतात, तू कधी विचार पण केला नसशील.

आता तुझं वायफाय. पहिली गोष्ट, फोन यूएसबी केबलनं लॅपटॉपला लाव आणि फोनच्या सेटिंगमधे यूएसबी टेदरिंग चालू कर. हॉटस्पॉट नाही, यूएसबी टेदरिंग, कारण हॉटस्पॉटला वायफायच लागतं. लिनक्सला तो फोन साध्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही, अर्ध्या मिनिटात इंटरनेट येतं. आमच्या वेळी ही सोय असती तर माझे चार महिने वाचले असते. मग टर्मिनल, म्हणजे कमांडी टाईप करायची खिडकी, उघड आणि इंग्रजीत एलएसपीसीआय, एक स्पेस, डॅश आणि के असं टाईप कर. लांब यादी येईल, तिच्यात "नेटवर्क कंट्रोलर" अशी ओळ शोध. तिच्याखाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" असं लिहिलेलं असेल तर ड्रायव्हर आहे आणि भानगड दुसरी आहे, कदाचित विमानाचं चित्र असलेलं बटण दाबलं गेलंय. ती ओळच नसेल तर चिपला ड्रायव्हर मिळालेला नाही. मग मेनूमधून ड्रायव्हर मॅनेजर उघड, पासवर्ड दे, तो स्वतः शोधेल आणि एखादा ड्रायव्हर सुचवेल, तो निवडून इन्स्टॉल कर.

आणि इथं एक जागा आहे जिथं मी गेल्या काही वर्षांत कितीतरी पोरं अडकलेली बघितली. लॅपटॉपमधे सिक्युअर बूट, म्हणजे ओळख नसलेला प्रोग्रॅम चालू होताना अडवणारी सोय, चालू असलं तर असा बाहेरचा ड्रायव्हर टाकताना तो एक पासवर्ड बनवायला सांगतो. आपण काहीतरी टाकतो आणि विसरतो. रिस्टार्ट केल्यावर एक निळी स्क्रीन येते, इंग्रजीत एमओके मॅनेजमेंट असं लिहिलेली, ती बघून सगळे घाबरतात आणि पहिला पर्याय म्हणजे कंटिन्यू दाबतात. झालं, ड्रायव्हर इन्स्टॉल झालेला आहे पण मशीन त्याच्यावर विश्वास ठेवत नाही म्हणून तो लोड होत नाही, आणि कुठं काही सांगत पण नाही. तिथं एनरोल एमओके निवडायचं, पुढं येस म्हणायचं आणि तो मघाचा पासवर्ड द्यायचा. म्हणून तो पासवर्ड कागदावर लिही. मोबाईलमधे नको, मोबाईल तेव्हा केबलला लावलेला असतो आणि आपण गडबडीत असतो, कागदावरच लिही.

एवढं करून पण नाही झालं तर चिप फारच आडमुठी आहे, तिच्यामागं आठवडा घालवू नको. लिनक्सवर चालतो हे आधी खात्री केलेला छोटा यूएसबी वायफाय घे आणि मोकळी हो. माझा विटेएवढा मोडेम आठव.

डी ड्राईव्हचं दोन मिनिटाचं काम आहे. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची गोष्ट आली, त्यात आपण शटडाऊन म्हणतो पण विंडोज पूर्ण बंद होतच नाही, स्वतःचा अर्धा भाग हार्ड डिस्कवर झोपवून ठेवतो म्हणजे सकाळी लवकर उठता येईल. त्या झोपेत ड्राईव्हवर "मी अजून इथंच आहे" अशी खूण राहते. लिनक्स ती खूण बघतो आणि म्हणतो, मालक घरात आहे, मी सामान हलवणार नाही, फक्त बघतो. म्हणजे तो तुझा डेटाच वाचवतोय. विंडोजमधे कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, तिथं पॉवर बटणाचं काय करायचं ते ठरवायची लिंक असते, आत फास्ट स्टार्टअपची टिक काढ आणि शटडाऊन कर. पुढच्या वेळी डी मधे लिहिता येईल. कुणी सांगेल की लिनक्समधूनच ती झोपेची फाईल उडवून ड्राईव्ह जबरदस्तीनं माऊंट कर, म्हणजे जोडून घे, तसलं करू नको, त्या फाईलमधे विंडोजचं अर्धवट काम असू शकतं.

घड्याळ तर त्याहून सोपं. मशीनच्या आत एक छोटं घड्याळ असतं सेलवर चालणारं. विंडोज समजतो त्यात भारतातली वेळ आहे, लिनक्स समजतो त्यात ग्रीनिचची वेळ आहे आणि त्यात साडेपाच तास मिळवून तुला दाखवतो. लिनक्सनं घड्याळ आपल्या पद्धतीनं लावून ठेवलं की विंडोजला ते साडेपाच तास मागं दिसणारच. दोघांपैकी एकाला समजावायचं, लिनक्सला समजावणं सोपं. टर्मिनलमधे टाईमडेटसीटीएल, स्पेस, सेट-लोकल-आरटीसी, स्पेस, एकचा आकडा. पहिल्या दोन शब्दांमधे स्पेस आहे आणि दुसऱ्यात डॅश आहेत, तेवढं बघ. टॅलीच्या नोंदी चुकीच्या तारखेला पडायच्या आत हे कर, नाहीतर रात्री बारा ते साडेपाचच्या मधे काम केलं तर तारीख मागची लागेल.

मराठी पत्रांच्या बाबतीत जरा थांबून सांगतो कारण हे दुखणं लिनक्सचं नाहीच, आपल्या सगळ्यांचं आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला नंबर, यायच्या आधी, आणि सरकारी ऑफिसं आणि डीटीपीवाल्यांकडं तर नंतर पण लै वर्षं, आपण मराठी टाईप केलं ते श्रीलिपी किंवा तसल्या फॉन्टमधे. त्या फाईलीच्या आत मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे नंबर असतात, आणि फॉन्ट त्या जागी मराठी अक्षराचं चित्र दाखवतो. फॉन्ट आहे तोपर्यंत मराठी, फॉन्ट गेला की कचरा. तुझ्या पप्पांची पत्रं विंडोजवर दिसतात कारण तिथं तो फॉन्ट आहे. आता विंडोजमधून तो फॉन्ट, म्हणजे टीटीएफ फाईल, कॉपी करून आण, मिंटमधे तिच्यावर डबल क्लिक केलं की इन्स्टॉल बटण येतं, मग बहुतेक पत्रं दिसायला लागतील. पण हे मलम झालं. खरं काम म्हणजे ती पत्रं कन्व्हर्टर वापरून युनिकोडमधे आणणं, फॉन्टप्रमाणं कन्व्हर्टर वेगळा लागतो आणि नंतर एकदा डोळ्याखालून घालावं लागतं, जोडाक्षरं आणि रफार इथं हमखास गडबड होते. एकदा युनिकोड झालं की ते फोनवर, लिनक्सवर, विंडोजवर, पुढच्या वीस वर्षांनी पण मराठीच राहील. इथं पण परत तेच आहे बघ, उघड भाषा आणि कुलूपबंद भाषा.

लिनक्सवर मराठी दिसणं हे सुद्धा एका दिवसात झालेलं नाही. सुरुवातीला माझ्याकडं वेलांट्या अक्षराच्या भलत्या बाजूला जायच्या, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसायची, "सोलापूर" नीट यायचं पण "अक्कलकोट" लिहिलं की क ला हलंत लागून पुढं दुसरा क सुटा उभा. रेड हॅटच्या लोहित फॉन्टनी त्यात मोठं काम केलं, आपल्या मराठीसाठी त्यांनी वेगळा लोहित काढला. लोहित म्हणजे लाल. ज्या दिवशी माझ्या स्क्रीनवर "पुऱ्या" हा शब्द त्या आडव्या र सकट बरोबर उमटला तेव्हा मी आईला हाक मारून दाखवला होता. टाईप करायला तू इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिक, पंधरा दिवस बोटं अडखळतील पण ते भारत सरकारचं प्रमाण आहे, कुठल्याही मशीनवर एकच.

आता टॅली. टॅली विंडोजसाठी बनवलेलं आहे, लिनक्ससाठी नाही. वाईन नावाचा प्रोग्रॅम विंडोजची काही सॉफ्टवेअरं लिनक्सवर चालवतो, आणि कुणीतरी तुला म्हणेल की टाक त्याच्यावर. चालेल पण कदाचित. पण ज्या हिशोबावर पप्पांचा जीएसटी भरला जातो, कामगारांचे पगार निघतात, तो प्रयोगासाठी नसतो. टॅली विंडोजमधेच राहू दे. फक्त एक बदल कर. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, म्हणून त्या विंडोजमधून बँक, मेल, ब्राउझिंग हे काढून घे. ते सगळं लिनक्समधून. विंडोज म्हणजे फक्त टॅलीची खोली, आणि बाकी घर लिनक्सचं. माझ्याकडच्या चार-पाच सूतवाल्यांची अशीच व्यवस्था आहे. म्हणजे "परत विंडोजवर जाऊ का" याचं माझं उत्तर असं आहे की पूर्ण जाऊ पण नको आणि विंडोज पुसू पण नको.

पुसण्यावरून सांगतो, आणि हे मला आजही सांगायला जड जातं.

माझ्या मामांचं अशोक चौकाकडं सुताचं दुकान होतं. त्यांच्याकडं कॉम्प्युटर नव्हता, म्हणून त्यांची उधारीची खतावणी मी माझ्या मशीनवर भरून द्यायचो, संध्याकाळी कॉलेजवरून आलो की त्यांच्या वह्या घेऊन बसायचो. चार महिन्यांचं भरलेलं होतं. एका रविवारी मी नवीन आलेल्या सीडीवरून लिनक्स परत टाकत होतो. इन्स्टॉलरमधे दोन पर्याय एकाखाली एक होते, "फक्त लिनक्सची पार्टिशनं काढा" आणि "सगळी पार्टिशनं काढा", पार्टिशन म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग. मला सी आणि डी ची सवय, तिथं एचडीए वन, एचडीए फाईव्ह असली नावं, मी घाईत होतो, खालचा पर्याय निवडला आणि ओके केलं. विंडोज, खतावणी, कॉलेजचे प्रोजेक्ट, सगळं गेलं. मी मामांना सांगायला गेलो तेव्हा माझ्या तोंडातून शब्द फुटेना. ते एवढंच म्हणाले, "कागद हाय म्हणून बरं." मग मी सोळा दिवस घरी बसून वह्यांवरून सगळं परत भरलं, बाहेर मे महिन्याचं ऊन, मधेच लाईट जायची.

लाईटचं पण तेव्हा वेगळंच दुखणं होतं. तेव्हाची एक्सटी-टू फाईल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाईली मांडून ठेवायची पद्धत, अशी होती की लाईट गेली आणि मशीन धाडकन बंद पडलं की पुढच्या वेळी ती अख्खी डिस्क तपासत बसायची, आणि कधी कधी मधेच थांबून रूटचा, म्हणजे मशीनच्या मालकाचा, पासवर्ड मागायची आणि म्हणायची आता तुम्हीच हातानं दुरुस्त करा. काळ्या स्क्रीनवर हो-नाही, हो-नाही विचारत राहायची, प्रत्येक प्रश्नाला वाय दाबत बसायचं आणि आपण काय गमावतोय ते कळायचं नाही. मग एक्सटी-थ्री आली, जर्नल ठेवणारी, म्हणजे काय करणार आहे ते आधी टिपून ठेवते आणि मग करते, त्यामुळं लाईट गेली तरी उठल्यावर फक्त टिपण बघून घेते. नोव्हेंबर २००१ मधे ती कर्नलमधे आली. सोलापूरसारख्या गावात याचा अर्थ काय होता हे ज्यानं तेव्हा मशीन चालवलंय त्यालाच कळेल. तुझ्या मिंटमधे तिची पुढची पिढी आहे, एक्सटी-फोर.

पण पेनड्राईव्हच्या बाबतीत जपून. लिनक्स फाईल कॉपी करताना आधी मेमरीत घेतो आणि मग सवडीनं ड्राईव्हवर लिहितो, म्हणून कधी कधी कॉपी संपली असं दिसतं पण आत लिहिणं चालूच असतं. मी फ्लॉपी अशीच काढून कॉलेजला घेऊन गेलो होतो, सबमिशनच्या दिवशी, तिथं उघडली तर फाईलचं नाव आहे आणि आत शून्य. नेहमी इजेक्टचं चिन्ह दाब, आता काढा असं तो म्हणेपर्यंत थांब, मग काढ. मोठी फाईल असली तर दोन-तीन मिनिटं पण लागतात.

एकावेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची, काय केलं आणि काय झालं. दहा दिवसांत तू वायफायसाठी किती ठिकाणच्या किती कमांडी टाकल्यास ते तुला आता सांगता येईल का? नाही येणार, मला पण येत नव्हतं, आणि मग मूळची भानगड कुठली आणि आपण केलेली कुठली हे वेगळं काढता येत नाही. समजत नाही अशी कमांड सुडो लावून, म्हणजे तिला मशीनचे सगळे अधिकार देऊन, टाकायची नाही, आधी तिचा एकेक शब्द काय करतो ते बघायचं. मिंटमधे टाईमशिफ्ट नावाचा प्रोग्रॅम आहे, तो आजच चालू कर, तो सिस्टीमचा फोटो काढून ठेवतो, बिघडलं की त्या दिवसावर परत जाता येतं. पण तो सिस्टीमचा आहे, तुझ्या फाईलींचा नाही. त्यात पप्पांचा टॅली येत नाही.

लॅपटॉपमधे अजून जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर पैसे जमतील तेव्हा एसएसडी टाक, २०१६ च्या मशीनला त्यानं जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशानं पडत नाही. रॅम चार जीबी असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घे, हलकी आहे.

तर आता क्रम असा ठेव. घरी गेलीस की आधी विंडोज चालू कर, टॅलीच्या डेटाचं फोल्डर पेनड्राईव्हवर घे, पेनड्राईव्ह नीट इजेक्ट कर, आणि तो दुसऱ्या एखाद्या मशीनवर उघडून बघ की आत खरंच फाईली आहेत. तो पप्पांच्या हातात दे. मग फास्ट स्टार्टअप बंद कर. मग मिंट चालू करून फोन केबलला लाव, आणि त्या एलएसपीसीआयच्या यादीतल्या नेटवर्क कंट्रोलरच्या तीन-चार ओळी जशाच्या तशा मला पाठव, चिपचं नाव बघून सांगतो पुढं काय ते.